लोड एकोणऐंशी

रविवार, ३ तारीख. सकाळी ७.१०
वाचनालयाच्या सर्व्हरची देखभाल मानद तत्त्वावर माझ्याकडे. त्यावर शाळेच्या पुस्तकातल्या बावीस कविता माझ्या आवाजात चढवून आज महिना झाला. श्रोते किती? सूनबाई याच क्षेत्रातली, पण तिला न विचारता स्वतःच प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'हजेरी'. दर मिनिटाला सुरू होतो आणि सर्व्हरची सात वर्षांची नोंदवही पहिल्यापासून वाचून श्रोते मोजतो. चौतीस वर्षांची मास्तरकी वाया गेली नाही.

मंगळवार, ५
हजेरीचं उत्तर अजून नाही. मात्र पडद्यावर 'लोड ॲव्हरेज ९'. म्हणजे नऊ जण ऐकताहेत. एकाच वेळी!

बुधवार, ६
लोड २३. ग्रंथपालबाईंचा फोन. पुस्तकांची यादी उघडेना, सभासद काउंटरवर खोळंबलेत. काका, शुक्रवारपर्यंत सुरळीत झालं नाही तर कविता काढून टाकीन, म्हणाल्या. कवितेच्या तासावर गणितवाल्यांचाही असाच डोळा असायचा.

गुरुवार, ७. सकाळी
लोड ४१. माझ्या पहिल्या वर्गाचा पट एवढाच होता. खिडकीतून तिरकं ऊन, आणि शेवटच्या बाकापर्यंत एकच ताल. डोळे भरून आले.
सूनबाईला सहज विचारलं. बाबा, लोड म्हणजे माणसं नव्हेत, म्हणाली. चालू असलेली आणि रांगेत ताटकळलेली कामं. मशीनच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे कामाचे हात चारच. पण प्रोसेसर तर माशा मारतोय; सगळी कामं डिस्कपुढे अडकलीत. तुम्ही काही नवीन चालू केलंत का?
नाही म्हणालो. हजेरी हे काम नव्हे, शिस्त आहे.

गुरुवार. दुपारी ४
पहिल्या हजेरीचं उत्तर येत नाही म्हणून दुसरी लावली.

शुक्रवार, ८. सकाळी ९
लोड ७९. ग्रंथपालबाईंना आकडाच दाखवणार. चार शब्द बोलावे लागतील. मसुदा खिशात.

शुक्रवार. दुपारी १
सूनबाई सोबत आली. तिने अडकलेल्या कामांची यादी काढली. ग्रंथपालबाईंनी मोठ्याने वाचली: हजेरी, हजेरी, हजेरी. एक संपायच्या आत दुसरी येऊन त्याच डिस्कच्या रांगेत उभी. बाई म्हणाल्या, काका, वर्गात पोर नाही, आणि दारात एकोणऐंशी मास्तर!
मसुदा खिशातच राहिला.
सूनबाईने दोन्ही हजेऱ्या बंद केल्या. थोड्या वेळात लोड ०.०४. पुस्तकांची यादी उघडली. मग माझ्या आग्रहाखातर एकच हजेरी, एकदाच. सव्वा मिनिटात उत्तर: श्रोते १. पत्ता आमच्याच घरचा.
कविता राहू देत, म्हणाल्या बाई. त्यांचा कुणालाच त्रास नाही.

शुक्रवार. संध्याकाळी ६
हिला विचारलं. हो, मीच लावते, म्हणाली; दुपारी झोप येईना की. दुसऱ्या कडव्याला डोळा लागतो.
निष्ठावंत श्रोता एकच पुरतो. तेविसावी कविता ध्वनिमुद्रित करायला बसलो. ही आतून म्हणाली, अहो, आवाज मध्येच चढवू नका, जाग येते.