सीलचं पाणी तोडायचं नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पंपदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपणाला मी कधी भीक घातलेली नाही.

१. राहते घर मुलाला, पुढची खोली वगळून.

२. ती खोली, म्हणजे माझा कारखाना, सर्व हत्यारांसह सुनेला, पूर्ण मालकीने. मुलाला तिथे भाडेकरू ठेवायचा आहे. "आई, बायकांनी हात काळे करायचे? लोक काय म्हणतील?"
"याच काळ्या हातांनी तुला भरवलं. तेव्हा नाही विचारलंस?"
सुनेलाच का, तेही लिहिते. गेल्या वर्षी एका गिरणीचा पंप तिने दुरुस्त केला. मालक म्हणाला, "सीलला पाणी देणारी नळी जोडू नका, उगाच पाणी जातं." तिने पंप उचलून त्याच्या टेम्पोत ठेवला. "मग दुसरीकडे न्या." मी तिला हे शिकवले नव्हते.

३. माझी नोकरी का गेली, हे नातेवाईक चुकीचे सांगतात. मी पाणीपुरवठ्यात फिटर होते. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळू नये म्हणून सीलच्या दोन चकत्या असतात; एक स्थिर, दुसरी तिला घासून फिरते. मधला पाण्याचा पातळ थर हेच त्यांचे वंगण. म्हणून बारीक नळीने स्वच्छ पाणी सतत सोडायचे, म्हणजे चकत्या गार राहतात आणि गाळ धुऊन जातो. नव्या साहेबांनी ती नळी बंद करायला सांगितली.
"पाणी वाया जातंय, बाई."
"वाया नाही साहेब, कामाला जातंय."
त्यांनी स्वतः नळीची चावी फिरवून ती बंद केली. तासाभरात चकत्या तडकल्या, पाणी मोटरवर उडून ती जळाली आणि गाव चार दिवस कोरडे राहिले. ठपका माझ्यावर आला. चूक लिहून दिली तर नोकरी राहील, असे सांगितले गेले. मी कोरा कागद परत केला.
धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, अडला हरी गाढवाचे पाय धरी."
मी म्हटले, "मी अडलेले नाही." तेव्हापासून तो बोलत नाही.

४. भावाला माझी सायकल. ती न्यायला तरी त्याला इथे यावे लागेल.

५. सुनेस सूचना: चकत्यांना बोट लावू नये, ग्रीस तर नाहीच. पंपात पाणी भरून, हवा काढून, मगच बटण दाबावे. गिऱ्हाईक घाई करील, करू द्यावी.

६. साहेबांवरचा राग कोणाला देत नाही. तो माझा स्वकष्टार्जित आहे.

ज्याला हरकत असेल त्याने मी जिवंत असताना तोंडावर सांगावी. मेल्यावर उत्तर देता येणार नाही, एवढेच मला सलते.

सही: पंपवाली
साक्षीदार: शेजारचा शिंपी, डॉक्टरीणबाई
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर