अप्पांच्या पायाखालचं मशीन

२ मार्च
अप्पा उद्या येताहेत. कायमचे. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळपास बंद आहे. ताई म्हणते, दुःख आहे, वेळ लागेल. ताई भाबडी आहे. माझा धंदाच मुळी मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातात हे बघण्याचा. अप्पा माझ्या हाताखाली महिनाभरात घडाघडा बोलू लागतील.
तयारी पूर्ण. नवा पलंग, नवी आरामखुर्ची, गोल गळ्याचे मऊ टी-शर्ट अर्धा डझन. जुन्या घरातलं काहीही आणायचं नाही. जुन्या वस्तू म्हणजे जुन्या आठवणी. ताईचा फोन, निदान शिलाईचं मशीन तरी आण, चाळीस वर्षं त्यावर बसलेत. मी सांगितलं, विकलं. ती गप्प झाली. पटलं असावं.
संकल्प: रोज संध्याकाळी एक तास अप्पांसाठी. अपवाद नाही.

३ मार्च
अप्पा आले. आरामखुर्चीत बसले, पण टेकून नाही, पुढे सरकून. बसल्या बसल्या दोन्ही पाय हलत होते. टाच, चवडा, टाच, चवडा. हिला दाखवलं. रक्ताभिसरण उत्तम. ही म्हणाली, अहो, ते मशीन चालवताहेत. बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

११ मार्च
लॅबमध्ये नव्या बाई रुजू झाल्या. त्यांना माझं ठरलेलं भाषण दिलं. इनक्युबेटरच्या दारावर मी स्वतः लिहून चिकटवलेला कागद आहे: ‘अर्धंच बदला’. पेशी ज्या द्रवात वाढतात तो जुना झाला की बदलावा लागतो, पण कधीही पूर्ण नाही. त्या जुन्या पाण्यात पेशींनी स्वतः सोडलेलं काहीबाही असतं, त्यावर त्या एकमेकींना धरून जगतात. सगळं ओतून टाकलं तर अन्न कितीही ताजं असो, त्या मरतात. हे कळायला नुसतं डोकं पुरत नाही, मन लागतं, असंही म्हणालो. बाई भारावल्या.
एक तास आज जमला नाही. उद्या दोन.

१९ मार्च
अप्पांना माझं काम समजावलं. दोन पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, मधे फट राहते. एकीच्या अंगावर न्यूरेक्सिन, समोरचीवर न्यूरोलिजिन, ही दोन प्रथिनं फटीतून एकमेकांना धरतात. मग इकडे बोलायची तयारी होते, तिकडे ऐकायची. त्याला सिनॅप्स म्हणतात. अप्पा बघत राहिले. त्यांच्या भाषेत सांगितलं: टिचबटण. एक भाग इकडे, एक भाग तिकडे.
टिचबटण म्हटल्याबरोबर त्यांचा हात मानेकडे गेला. शर्टाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई खोचून ठेवायची त्यांची सवय. टी-शर्टला कॉलर नाही. हात तसाच खाली आला.
एकूण प्रतिसाद समाधानकारक. विषयात रस दिसला.

२ एप्रिल
यश! मूत्रपिंडाच्या साध्या पेशीवर आम्ही न्यूरोलिजिन चढवलं आणि ती मेंदूच्या पेशींत सोडली. मेंदूची पेशी फसली! तिला बिलगली, बोलायची सगळी सामग्री तिथे गोळा केली. पेपर नक्की.
जेवताना सांगितलं. हिने विचारलं, मग त्या दुसऱ्या पेशीला ऐकू येतं का? म्हटलं, छे, तिच्याकडे ऐकायची सोयच नाही, पण मुद्दा तो नाही. ही अप्पांकडे बघत बसली. विज्ञानात तिला गोडी नाही.

१४ एप्रिल
ही म्हणते, अप्पांचे पाय हलायचे थांबले. म्हणजे रुळले! जेवण कमी झालंय, पण या वयात हलकंच बरं.
एका तासाचा नियम रविवारपुरता केला. गुणवत्ता महत्त्वाची.

२० एप्रिल
ताईचा फोन. अप्पा तिच्याशी बोलले! पूर्ण वाक्य! मशीनला तेल घातलंस का, असं विचारलं म्हणे. मी खूश. तिला विचारलं, तू काय सांगितलंस? तिने फोन ठेवला. रडत होती बहुतेक. आनंदानेच, असं धरून चालतो.

२८ एप्रिल
नव्या बाईंनी एका डिशमधलं सगळं पाणी बदललं. चांगल्या भावनेने. स्वच्छ, ताजं मिळू दे म्हणून. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशींचे धागे तुटून मण्यांसारखे पडलेले.
फार चिडलो. सगळ्यांसमोर सुनावलं. अन्न दिलंत, ऊब दिलीत, सगळं नवं कोरं दिलंत, आणि त्यांचं स्वतःचं जे होतं ते गटारात ओतलंत, कशावर जगायचं त्यांनी?
बाई रडत होत्या. मी त्यांना म्हणालो, जाऊ द्या, होतं असं माझ्याकडूनही. मग बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिलो.
दुपारीच घरी आलो. अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसलेले. पाय जमिनीवर, काढून ठेवलेल्या जोड्यासारखे.

३० एप्रिल
मशीन परत आणायचं. जुन्या सामानाच्या दुकानदाराला गाठलं. वरचा भाग भंगारात गेला, म्हणाला, खालचा लोखंडी सांगाडा एका कॉफीच्या दुकानाने टेबलासाठी नेला. हरकत नाही. अर्धं तरी आहे. आठवड्याभरात सगळं सुरळीत करतो.

४ मे
अप्पांना त्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेलो. सांगाड्यावर पांढरा दगड, त्यावर फुलदाणी. अप्पांनी दुरूनच ओळखलं. बसले, हात खाली घालून चाक चाचपलं, चपला काढून पॅडलवर पाय ठेवले. चाक फिरलं! ते हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, लपवत नाही, इथे कोण बघतंय.
दोन्ही हातांनी दगडावरून न दिसणारं कापड पुढे सारत होते. कपातली कॉफी हिंदकळत होती. बऱ्याच वेळाने वर बघितलं, सुई जिथे असायची तिथे. पाय थांबले.
मग माझ्याशी बोलले. म्हणाले, तुझ्या आईच्या ब्लाउजला टिचबटणं लावायची राहिलीत. तेवढा आणून दे. हाताने लावतो.

५ मे
सकाळीच सुई, दोरा, टिचबटणं आणि कॉलरचा शर्ट घेऊन आलो. ब्लाउजसाठी ताईला फोन केला. ती म्हणाली, आईचे सगळे कपडे वाटून टाकले, तूच सांगितलं होतंस, एकही ठेवू नकोस म्हणून.
अप्पांनी शर्ट घातला. सुईत दोरा ओवून कॉलरला खोचली. ब्लाउज आणलास का, विचारलं.
मी म्हणालो, उद्या आणतो.
ते बरं म्हणाले आणि वाट बघत बसले.