रिकाम्या सीटचा पट्टा

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मी एक गोष्ट केली, ती तुला सांगावी की नाही या विचारात इतके दिवस गेले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

देवाचं नाव घेऊन गाडी सुरू केली, तर समोर लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीवरून आडवा पट्टा, असं ते चित्र. शेजारी कुणी पट्टा न लावता बसलं की तो लागतो. शेजारची सीट रिकामी होती. ही गेल्यापासून तिथे कुणी बसलेलं नाही. मी थोडा वेळ बघत राहिलो, मग हात लांब करून त्या सीटचा पट्टा ओढला आणि लावला. दिवा विझला.

आता रोजच तसं होतं, आणि रोज मी पट्टा लावतो. गॅरेजवाला म्हणाला, सीटखालचा सेन्सर बिघडलाय, वजन नसताना वजन दाखवतो, बदलून टाकू. मी म्हटलं, राहू दे. मला वेड लागलंय असं समजू नकोस. पंपघरात दिवसभर काटे आणि दिवे बघणारा माणूस मी, बिघाड कशाला म्हणतात ते मला कळतं. पण सकाळी तेवढं एक काम हिच्यासाठी करायला मिळतं.

पोरगी बरी आहे. तिला दवाखान्यात कामावर सोडून मी पुढे जातो. फार बोलत नाही. गुडघ्यांना जप, आणि आठवण काढतेस तशीच काढत जा.

तुझा,
बापू

आत्या, बाबांनी पाकीट टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. मी मागे बसते. पुढे जागा नसते.

२० जून

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे होते तिथेच आहेत, फक्त कुरकुर वाढली आहे. पट्ट्याचं वाचून आधी हसूच आलं. ती असताना तू पट्ट्यासाठी किती विनवायचास, आणि ती म्हणायची, मला काय पळून जायचंय? मग हसू गेलं.

पोरीने खाली एक ओळ लिहिली आहे. तिला रागावू नकोस. तू देवाचा माणूस, मला मान्य आहे. पण देवाकडे गेलेल्या माणसाला पट्टा कशाला रे? सेन्सर बदल आणि पोरीला पुढे घे. लहानपणीही तू माझं ऐकायचास, पण पडल्यावर. या वेळी आधी ऐक.

माया आहेच, ती लिहून काय दाखवायची.

ताई

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी वाचली, हे आधी वाच. गळ्याजवळचं हाड मोडलंय, हात झोळीत आहे, पण भरून येईल म्हणतात. तू लिहिलंस तसंच झालं, पडल्यावरच ऐकतोय.

सोमवारी टेकडीवरून उतरत होतो. डोळ्यांच्या कडेला लाल दिसलं. वाटलं, पट्टा सुटला. नजर रस्त्यावर ठेवून हातानेच शेजारच्या पट्ट्याचं टोक दाबलं. लाल जाईना. पुन्हा दाबलं. तेवढ्यात वळण आलं म्हणून ब्रेकवर पाय दिला, तर तो चिखलात जावा तसा खाली गेला. तो दिवा पट्ट्याचा नव्हताच. गोल होता, आत उद्गारचिन्ह. ब्रेकचं तेल गळून गेलं होतं. पिवळा लागला तर सावकाश तपासून घ्यावं, लाल लागला तर आधी थांबावं, मग विचार करावा. पंपघरात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे मीच सांगतो.

हातब्रेक ओढला. गाडी लाकडाच्या वखारीच्या भिंतीला जाऊन थांबली. पोरगी मागून पुढच्या सीटवर आदळली. तिने पट्टा लावला नव्हता. लाव म्हणून मी कधी सांगितलंच नव्हतं. शेजारची रिकामी सीट मात्र नीट बांधलेली होती, ताई. पोरीने त्या पट्ट्याकडे नुसतं बघितलं.

दवाखान्याच्या बाकावर देवाचं नाव घ्यायला गेलो, तर जीभ वळेना. माझ्या वतीने तू घे.

बापू

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडीचे ब्रेक झाले, पत्रा ठोकून झाला. गॅरेजवाल्याने विचारलं, सेन्सरचं काय करायचं? माझ्याने लगेच हो म्हणवेना. घरी येऊन पोरीला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला हवा असेल तर राहू दे, मी बसने जात जाईन. रागाने म्हणाली असती तर मी वाद घातला असता. भाजी निवडता निवडता साधेपणाने म्हणाली. रात्रभर तेवढंच कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी समोर उभा राहून सेन्सर बदलून घेतला. जुना त्याने माझ्या हातात ठेवला, कागदासारखा पातळ. मी तो त्याच्याकडेच परत दिला.

आज पोरीसाठी पुढचं दार उघडलं. ती थोडी थबकली, मग बसली. दिवा लागला. एका हाताने तिला जमेना, म्हणून दुखऱ्या खांद्याला जपत पट्टा मीच लावला. दिवा विझला. टेकडी आली तशी ती म्हणाली, बाबा, ब्रेक एकदा दाबून दाखवा. मी दाखवला. म्हणाली, अजून एकदा.

तिला सोडलं आणि गाडी पुन्हा सुरू केली. सुरू करताना सगळे दिवे एकदम लागतात तसे लागले, मग एकेक विझत गेले. माणसाचं चित्रही विझलं. शेजारी कुणी नव्हतं, आणि गाडीलाही आता ते कळत होतं. मी बघत बसलो. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

तुझी माया आहे तशी राहो. पोरीचा नमस्कार.

बापू