आतल्या जिन्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने बायकांचे कपडे शिवणारी, वयाने सत्तरीपार, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणी मागे लागलेले नसताना, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी आज वार कोणता ते विचारलं, मी बरोबर सांगितला. मग मी त्यांना विचारलं की तुमच्या शर्टाचं एकच बटण वेगळं कसं. त्यांना सांगता आलं नाही. तरी दाखला मलाच लागतो.

मिळकतीचा खुलासा आधी करते. हे घर माझं नाही. माझे यजमान फरशी बसवणारे मिस्तरी. घर त्यांनी बांधलं आणि मृत्युपत्रात वाटून दिलं: तळमजला थोरल्या लेकीला, वरचा मजला धाकट्या लेकाला. माळा, टाकी, मागच्या दारातली बादलीसुद्धा लिहिली. आतला जिना मात्र कुठेच नव्हता. शेवटी ओळ होती, ज्याचा उल्लेख नाही ते सगळं पत्नीस. अशा रीतीने मी एका जिन्याची मालकीण झाले. त्याच्याखाली माझं शिलाई मशीन आहे आणि कोण चढतंय ते मला मान वर न करता कळतं.

हल्ली मी एकटीच चढते. टाकीच्या पाण्यावरून भावंडांचं बिनसलं. धाकट्याने बाहेरून लोखंडी जिना लावून घेतला आणि खालच्या दारातून येणंच सोडलं. आता तो म्हणतो, "आई, आतला जिना पाडला की मला एक खोली निघते." थोरली म्हणते, "वरून कचरा पडतो गं, मी तोंडाशी भिंत घालते." दोघांचा जिन्यावर डोळा आहे. जिना गेला की मी वर जायची नाही, लोखंडी पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आणि मी गेले की ही दोघं एका घरात राहून एकमेकांना कायमची परकी होतील, याची मला खरोखर धास्ती आहे.

कलम एक. शिलाई मशीन धाकट्याला. त्याला काज उत्तम करता येतं. मित्र हसतील म्हणून त्याने ते आजवर लपवलं, आता सगळ्यांना कळू दे. मोठी कात्री थोरलीला. तिने तिच्याने कागद कापू नये.

कलम दोन. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. यावर चर्चा नको.

कलम तीन. माझ्या नणंदेने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात चार बायकांत सांगितलं होतं की हिच्या कात्रीपेक्षा तोंड जास्त चालतं. तिचा निळा ब्लाउज, ती ट्रायलला कधी आलीच नाही म्हणून, माझ्याकडे अर्धवट पडून आहे. तो तिला तसाच द्यावा. बाह्या वेगळ्या द्याव्यात.

कलम चार. <s>आतला जिना व त्याखालची जागा थोरल्या लेकीस.</s> हे कलम मी खोडलं आहे, शेजारी सही केली आहे. कारण लिहिते.

साक्षीला शेजारचे निवृत्त पोस्टमन आले आहेत. यजमानांच्या मृत्युपत्रालाही तेच साक्षीदार होते. मला सहज वाटलं म्हणून विचारलं, "भाऊजी, अख्खं घर मोजलेला माणूस जिनाच कसा हो विसरला?"

"विसरले कुठे, वहिनी? वाचून दाखवलं तेव्हा मीच म्हटलं, मिस्तरी, यात जिना नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, करा सही."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तुम्ही आज विचारलंत. साक्षीदारानं सही करावी, मध्ये तोंड घालू नये."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला वेंधळा म्हणत आले. का वगळला असेल? मला हक्काची जागा राहावी म्हणून? की मुलांना माझ्याकडे यावं लागावं म्हणून? भाऊजींनी पुढे काही विचारलंच नाही. त्याबद्दलचा माझा राग मी कुणाच्याही नावे करत नाही, तो माझ्यासोबत येईल. एवढं मात्र आता दिसतं की जिना एकाच्या नावे असता तर तो केव्हाच गेला असता.

कलम पाच. वरील कलमांत जे कुणाला दिलेलं नाही, ते थोरलीचं आणि धाकट्याचं मिळून, वाटणी न करता. त्यातलं काही पाडायचं किंवा बुजवायचं असेल तर दोघांनी समोरासमोर बसून एकाच कागदावर सही करावी. हे हा कागद करून देणाऱ्या वकीलबाईंनी बघावं.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, ती दोघं बोलत नाहीत. एकत्र बसणार कशी?"

"मग कुणाला काही पाडता यायचं नाही."

पहिल्यांदा कोण कुणाकडे जातं, आणि कुठल्या जिन्याने, ते बघायला मी नसेन. याची मला आत्ताच चुटपुट लागली आहे.

ठिकाण : जिन्याखालची शिवणाची खोली
दिनांक : सात नोव्हेंबर, दुपारी
सही : मृत्युपत्र करणारी
साक्षीदार : समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई (सही झाली)
साक्षीदार : शेजारचे निवृत्त पोस्टमन

दुसऱ्या साक्षीदारांनी सहीआधी सगळी कलमं पुन्हा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, कुठल्याच कलमात जिना नाही."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. करा सही."