पिठाच्या डब्यातल्या कॅसेटी

बाळ्या,

तुझ्या लेकीला घेऊन मी माझ्या घरी चाललेय. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकायची इच्छा नाही.

काल तू आणि तुझे ते दोन टकले मित्र, सुटलेल्या पोटांवर काळे टी-शर्ट ताणून, जुन्या रॉक गाण्यांच्या कॅसेटी लावून मुंडकी हलवत होतात. ‘आमच्या वेळचं मेटल! आताच्या पोरांत तो दमच नाही,’ म्हणून गळे काढत होतात. तेवढ्यात आतून पोरीची गिटार ऐकू आली, तर पक्कड घेऊन गेलास आणि तारा तोडून आलास. वर म्हणतोस, ‘डोकं उठवलंय त्या गोंगाटाने!’ शिसारी आली मला तुझी.

याच कॅसेटी तू पिठाच्या डब्यात लपवायचास ना? बाबांना सापडल्या तेव्हा ‘माझ्या आहेत’ म्हणून थोबाडीत मी खाल्ली. त्यांनी उपसलेली फीत पेन्सिलीने गुंडाळत आपण दोघं बसलो होतो, तू मुसमुसत होतास.

त्या सगळ्या कॅसेटी मी पुन्हा पिठात पुरल्यात. पोळ्या करायच्या असतील तर चाळून घे.

बाबांचं एक बरं होतं. त्यांनी काळा टी-शर्ट कधी घातला नाही.

ताई