बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड

३ मार्च

ती. वहिनींस,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. तुमचं आणि दादाचं ठीक चाललं असणारच; सीडीच्या कव्हरवर तरी दोघंही छान दिसता आहात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही इतक्या गोड बोलता की मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं.

सीडी पोचली. ऐकली. मनापासून अभिनंदन! आमच्या ह्यांना या जुन्या युरोपियन बरोक संगीताचं वावडं आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दातांचे डॉक्टर असल्यामुळे पियानोचं ते थोरलं भावंड, हार्पसिकॉर्ड, तारा खुडायला लागलं की कुणीतरी दात टोकरतंय असं त्यांना वाटतं. तेसुद्धा पेपर बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसले. "या वेळी नाही गं तसं वाटलं," म्हणाले. दादाची आणि माझी सीडी निघाली होती तेव्हा वाटलं होतं, बरं का. असो.

तुम्ही 'मोकळेपणाने कळवा' म्हणालात म्हणून कळवते. तुमची बासरी थोडी लांबून आल्यासारखी वाटते आणि हार्पसिकॉर्ड अगदी कानाशी. दादाने पट्टी सोडली की आतली खुटखुटसुद्धा ऐकू येते. आणि ती संथ रचना आहे ना, चौथी, तिच्यात मागे कुणीतरी गुणगुणतंय. रेकॉर्डिंगवाल्याच्या कानातून ते कसं काय सुटलं, कोण जाणे. एवढी चांगली सीडी, त्यात हे कशाला?

आभारांत माझा उल्लेख केलात, 'प्रोत्साहनाबद्दल'. मी कधी, कसलं प्रोत्साहन दिलं ते मला आठवेना, पण छान वाटलं वाचून.

आता तुमच्या निमंत्रणाबद्दल. पुढच्या सीडीत बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड अशा तिघांच्या रचना घ्यायच्या आणि व्हायोलिन मी वाजवायचं, ही कल्पना चांगलीच आहे. पण माझं उजवं मनगट फार दुखतं आहे. शाळेत मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, आणि नाटकवाल्यांच्या वाद्यवृंदातही रोज बसावं लागतं. शिवाय तुमची जोडी आता छान जमली आहे, त्यात माझी लुडबुड कशाला? व्हायोलिनवाले पुष्कळ मिळतील.

दादाला म्हणावं, जेवण वेळेवर करत जा.

तुमची,
दादाची धाकटी बहीण


१९ मार्च

ती. वहिनींस,

नमस्कार. रविवारी दादा येऊन गेला, ते तुम्हाला कळलंच असेल. काय बोलणं झालं ते त्याने अर्धंच सांगितलं असणार, त्याची सवयच आहे ती. म्हणून उरलेलं मी सांगते.

तो न कळवता आला. मी नेमकी कपाट सरकवत होते.

"मनगट कसं आहे?" त्याने दारातच विचारलं.

"कोणाचं?" मी म्हटलं.

झालं! तो हसत सुटला आणि मी कपाटाला टेकून उभी. मग त्याने पिशवीतून नोटेशनचे कागद काढले आणि चहाचा कप त्यावरच ठेवला. सीडी कशी वाटली म्हणून विचारलं. मी म्हटलं, छान.

"एवढंच?"

"तुझी गुणगुण ऐकू येते."

वहिनी, या वयात माझा भाऊ कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. म्हणाला, "हो. रेकॉर्डिंगवाला काढून टाकत होता. हिने काढू दिली नाही. म्हणाली, ती काढायची असेल तर माझी बासरीही काढा."

मी उठून खिडकी उघडली, कारण नसताना.

तुम्हाला लिहिलं होतं ना, कुणीतरी गुणगुणतंय? कोण ते मला पहिल्या दोन सुरांतच कळलं होतं. मी सात वर्षांची असल्यापासून तो आवाज ओळखते. मी व्हायोलिन जुळवायची आणि पलीकडे दादा संथ काही वाजवायला लागला की त्याच्या नकळत तो गुणगुणायला लागायचा. पाहुण्यांपुढे नाही, मास्तरांपुढे नाही. कार्यक्रमात तर कधीच नाही. फक्त माझ्यासोबत. आमच्या सीडीच्या वेळी तेव्हाच्या रेकॉर्डिंगवाल्याने गुणगुण थांबावी म्हणून त्याला दातांत पेन्सिल धरून वाजवायला लावलं आणि आम्हाला दोघांनाही ते बरोबरच वाटलं. सीडी स्वच्छ निघाली. आता वाटतं, त्यात दादा नाहीच.

तुमच्या सीडीत तो आहे. माझ्या घरातला आवाज आता दुकानात मिळतो, आणि तो तुमच्यामुळे मिळतो. माझा किती जळफळाट झाला असेल, कल्पना करा. ह्यांनी तीन दिवस माझ्याशी सांभाळून बोलणं चालवलं आहे.

दादाला यातलं काहीही बोलले नाही. तो निघताना म्हणाला, "अगं, एकदा तालमीला तरी ये. नाही जमलं तर नाही." मी म्हटलं, बघते.

येते. एकदाच. मनगट बरं आहे.

तुमची,
धाकटी


७ एप्रिल

प्रिय वहिनी,

काल तू मला रागाच्या भरात 'अगं' म्हणालीस, तेव्हा आता मीही अहोजाहो करणार नाही. आपण एकाच वयाच्या आहोत, कुणीतरी आधी सुरुवात करायला हवीच होती.

काल तालमीत काय झालं ते तुला ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूने कसं होतं ते सांगते. तो हॉल मला पहिल्यापासूनच आवडला नाही. तुमचा दोघांचा डबा खिडकीत, तुझी शाल त्याच्या खुर्चीवर. मी कुठे उभी राहू, हे मला विचारावं लागलं. दादाच्या समोर मी उभी राहायचे, गं. तिथे तू होतीस.

पहिली रचना मी शहाण्यासारखी वाजवली. दुसरीत ते सवाल-जवाब आले, बासरीने एक ओळ म्हणायची आणि व्हायोलिनने तीच परत द्यायची. तू ओळ फार सुंदर म्हणालीस. मी ती नुसती परत दिली नाही. तिला चार मुरक्या जास्त लावल्या आणि जरा पुढे पळवली. आणि दादा आला माझ्यामागे! विचार न करता आला, जुन्या सवयीने. त्याचा डावा हात माझ्याबरोबर धावायला लागला आणि तू मागे राहिलीस. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तू बासरी खाली ठेवलीस. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, "अगं, मला दाखवायची काय गरज आहे? मला माहीत नाही का? तुमची सीडी ऐकून ऐकून मी शिकले की हा कधी हात टाकणार. तुम्ही दोघं एकत्र श्वास घेता. मला अजूनही पेन्सिलीने खुणा करून ठेवाव्या लागतात!" आणि कागद माझ्या हातात दिलेस. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारीक खूण.

तू इतकी वर्षं माझ्यावर जळत होतीस आणि मला पत्ताच नव्हता. लाज वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटलं ते असं, की बरं झालं! आणि दादा? आपण दोघी त्याच्यावरून भांडतोय आणि तो तारा जुळवायची किल्ली घेऊन हार्पसिकॉर्डमध्ये डोकं घालून म्हणतो, "ही एक तार उतरली आहे, तुम्हाला कुणाला ऐकू येत नाही का?"

आपण एकदमच हसलो, ते त्यालाही कळलं नाही.

मग तू म्हणालीस, याच्याकडे बघायचंच नाही, दोघींनी पाठ फिरवून वाजवू. मला ते पोरकट वाटलं. पण तुझ्या खांद्याकडे बघत मी श्वास घेतला आणि ओळ सुरू झाली. ती कुणी सुरू केली, मला अजून सांगता येत नाही. दादा आपल्यामागून आला, धापा टाकत, आणि अगदी बरोबर. एवढं चांगलं मी त्याच्याबरोबर एकटीने कधी वाजवलं नव्हतं. हे कबूल करायला जिवावर येतं, पण खरं आहे ते.

तू परत विचारायच्या आत सांगते, मी सीडीत वाजवणार आहे. ह्यांनी शाळेकडे माझ्या रजेचा अर्जही माझ्याआधीच दिला आहे.

एकच सांगून ठेवते. काल आपण हसलो म्हणून माझं मन स्वच्छ झालं, असं समजू नकोस. तो संध्याकाळी तुझ्याबरोबर तुझ्या घरी गेला आणि मी बसची वाट बघत उभी राहिले, तेव्हा सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. मला तुझा हेवा वाटतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीही वाटेल. हा हेवा घरी ठेवून येता येईल असं मला वाटत नाही, तेव्हा बरोबरच घेऊन येईन. तुझाही तू आण. दोघींना पुरेल एवढी जागा त्या हॉलमध्ये आहे.

पत्र दादाला दाखवू नकोस.

तुझी,
नणंद