मावशीचा मचवा

लिहून ठेवणार अनंता शिवदास तांडेल, वय बावीस, शिक्षण मराठी तिसरी अर्धी, धंदा मिळेल तो, राहणार — ही जागा आजवर कोरीच सोडत आलो, शेवटी भरीन. ताप नाही, ताडी घेतलेली नाही, कोणी दटावलेले नाही. परवा गलबतावर खलाशी होऊन बसऱ्याला निघतो. तिथे म्हणे खजुराची बने संपतच नाहीत, आणि बाजारात उंट... ते राहू दे. दर्याचा भरवसा नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

मिळकत एकच. उरणच्या किनाऱ्यावर ओढलेला जुना मचवा, वर झापांचे छप्पर. तो माझ्यामागे वेणूबाईचा, आणि मी जिवंत असेतोही तिनेच त्यात राहावे. ती बोंबील सुकवते, नात्याची नव्हे, मी तिला मावशी म्हणतो; मी कुठूनही भटकून आलो की विचारते, "जेवलास का रं?" वाडीच्या मालकाने तिची झोपडी पाडली, तेव्हा मडकी घेऊन ती इथे आली.

मागोमाग मालकाचे दिवाणजी. "उठा. घर बांधायला परवानगी न्हाय."

मावशी म्हणाली, "घर कुठं हाय? मचवा हाय. भरती लागते तिथं मालकाची हद्द सरते. दर्याकडून भाडं घेता काय?"

दिवाणजींनी वाकून पाहिले. "मग ही चूल? जमिनीत रोवलीय. चूल रोवली म्हंजे घर. उद्या माणसं आणतो."

चूक माझीच, हौसेने मीच रोवली होती. दयाराम सुताराने व मी ती उपटून घमेल्यात बसवली. दुसऱ्या दिवशी माणसे आली, घमेले बघून हसत परत गेली. माझ्या हौसेपायी मावशीचे छप्पर जाणार होते, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून अटी. चूल घमेल्यातच. तुळस डब्यात. खांब पुरू नये. नांगर व वल्हे विकू नयेत. दर पुनवेच्या भरतीला मचवा हातभर तरी सरकवावा, सगळ्यांदेखत. माझी करवत दयारामास, पण पुनवेला खांदा लावील तरच.

दिवाणजींस माझी फाटकी छत्री. भिजलेच तर मचव्यात टेकावे. मावशी नाही म्हणणार नाही. मी म्हटले असते.

परत आलो तर मी मालक नव्हे. नाळेकडची, मचव्याच्या पुढच्या टोकाची, एक फळी मला निजायला मोकळी ठेवावी, बस्स.

हे सर्वांसमक्ष वाचून दाखवले. वेणूबाई म्हणाली, "मेलास तर घरात घेनार न्हाय."

साक्षीदार: दयाराम बाबाजी सुतार, सही. रंगू अंबाजी कोळी, अंगठा.

मुक्काम उरण, जिल्हा कुलाबा, कार्तिक शुद्ध पंचमी, सन १९३०.

सही: अनंता शिवदास तांडेल
राहणार: वेणूबाईचा मचवा